खडबडीत बाजू आधी

—नाही नाही, ती नको भरतभाऊ, ती उजवी झाली, ती अगदी शेवटी. आधी ही, डावी. हात फिरवून बघा म्हणजे कळेलच — बघा, गेली ना लाकडाची कूस बोटात? काढा, आधी ती काढा, सुई देऊ का? बरं. तर हे असं आहे. कॉम्प्युटरचं कॅबिनेट आहे हे, घरी केलेलं, प्लायवूडचं. पेटीसारखं दिसतं, हो, येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, देवाची पेटी आहे का, हार्मोनियम आहे का — कॉम्प्युटर आहे हो. म्हणजे कॉम्प्युटर आत बसतो. आतलं सगळं सामान, मदरबोर्ड का काय ते, पंखे, तारांचं जंजाळ, मी सकाळीच उपटून काढलं, ते काय, त्या कपड्यांच्या टोपलीत पडलंय. जपून कसलं, स्क्रू फिरवले आणि ओढलं, निघालं. तुम्ही त्याची काळजी करू नका, तुम्ही खोकं बघा. सगळ्या बाजू मशीनने घासायच्या, ही काळी नक्षी पार जाईपर्यंत. मग पुट्टी, मग प्रायमर, आणि वर काळा डुको रंग. असा चकचकीत, की तोंड दिसलं पाहिजे. दुकानात मिळतं ना, तस्सं. हे कोणी घरी बसून केलंय असं कोणाच्या स्वप्नातही येता कामा नये.

इथेच करा, बाल्कनीत. दार मी लोटून घेते. बाहेर धुळीला काय तोटा आहे म्हणा — करंजाड्यात राहायचं म्हणजे समोर एक बिल्डिंग उभी राहत असते नाहीतर डोक्यावरून विमान जात असतं. खालची बाई ओरडली तर ओरडू दे, तिला मी बघून घेईन. साहेब? साहेब नाहीयेत घरी. चिरनेरला पाठवलंय, गणपतीला, माझ्या भावाबरोबर, शैलेशबरोबर, त्याच्या गाडीतून. नवस फेडायचाय म्हणून सांगितलं. आता नवस कोण बोललं, कधी बोललं — मीच बोलले, आज सकाळी, चहा गाळता गाळता. सुशांतचा देवाबिवावर काडीचा विश्वास नाही, पण हल्ली वाद घालत नाही तो. घालायचा म्हटला तरी शब्द सापडेपर्यंत आपण त्याला गाडीत बसवून पट्टा लावलेला असतो. हसू नका हो. नाही, हसा, हसलात तरी चालेल, मलाही येतं हसू कधीकधी. जेवूनच या म्हटलंय, तिथे माझी मावसबहीण राहते, ती काही सोडायची नाही. म्हणजे आपल्याला भरपूर वेळ आहे. लावा मशीन.

—काय? ऐकू येत नाहीये, थांबवा जरा. कोणी केलं? सुशांतनेच केलंय, माझ्या मिस्टरांनी. नाही हो, सुतारकाम कुठलं यायला त्याला, साधा खिळा ठोकायचा तर वॉचमनला बोलवायचा. ऐरोलीला मोठ्या कंपनीत होता तो, हाताखाली माणसं, कानात कायम ते फोनचं यंत्र. मग झटका आला. पॅरालिसिसचा. याच घरात, आतल्या खोलीत कामाला बसला होता आणि खुर्चीवरून खाली गेला, जाताना कॉम्प्युटरला धरलं असणार, तोही आला अंगावर. जुनं कॅबिनेट काचेचं होतं, त्याचा चुरा. गंमत बघा, आतलं यंत्र शाबूत आणि माणूस अर्धा बंद. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. 'पाणी' म्हणायचं असायचं तर पा, पा, पा, आणि मग भलतंच काहीतरी — 'पायरी'. मी पायरी कुठून आणू? हॉस्पिटल झालं, घरी आणला, आणि मग ती यायला लागली, आभा. व्यायाम घेणारी, फिजिओथेरपिस्ट. तिने एक दिवस कोपऱ्यात ते उघडंवाघडं सामान बघितलं आणि म्हणाली, सर, याला नवीन घर बांधा ना तुम्ही. सर! आणि डाव्या हातात काय घालायला लावलं माहितीय? माझा ओव्हनचा मोजा. जाडजूड, फुलाफुलांचा. म्हणजे चांगला हात अडकवून ठेवायचा, मग वाईटाला कामाला लागावंच लागतं. मोठ्या कंपनीतला माणूस, आणि बाल्कनीत स्टुलावर बसलाय, एका हातात फुलाफुलांचा मोजा आणि दुसऱ्यात पॉलिश पेपर. फोटो काढलाय मी. आमच्या बँकेतल्या ग्रुपवर टाकला होता, सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. दाखवू? नको? बरं. घासा तुम्ही.

तर ही डावी बाजू पहिली. या रेघा बघितल्यात? शाईच्या नाहीत, भाजून काढल्यात. सोल्डरिंगची ती काडी असते ना, तापणारी, वायरी चिकटवायची, तिने. कॉम्प्युटरच्या आतल्या पट्टीवर म्हणे अशा रेघा असतात, सरळ जातात, काटकोनात वळतात, टिंबापाशी थांबतात. इथे एक तरी सरळ आहे का सांगा. चिखलातून गांडूळ सरपटत गेल्यासारख्या. आणि हे काळे डाग — तिथे हात अडकायचा, पुढे जायचाच नाही, काडी तिथल्या तिथे जळत राहायची, धूर निघायचा, आणि हा दातावर दात ठेवून बसलेला. एकदा मी हातातून काढून घेतली काडी. काळजीने हो, घर पेटलं असतं. तर माझ्याकडे असं बघितलं — असो. डावी झाली, मग वरची, मग पुढची, मग ही उजवी. आता उजवी बघा. बघा ना. पट्टी लावून आखल्यासारखी की नाही? तीच काडी, तोच हात. आभा म्हणते, डावीकडून सुरुवात करा आणि फिरत फिरत उजवीकडे या, हात कसा परत आला ते वाचता येतं. वाचता येतं! आता संध्याकाळी न्यायला येणार आहे ती, त्यांच्या सेंटरमध्ये आठवडाभर ठेवणार, मधोमध, नवीन पेशंटांना दाखवायला. खाली पाटी. सुशांतचं नाव मोठ्या अक्षरात. आणि मला विचारते, ताई, खाली बारीक अक्षरात 'कुटुंबीयांच्या सहकार्याने' असं घालू का? कुटुंबीय! मूल ना बाळ, सासू ना सासरा, मी एकटी आहे हो या घरात. एकटीचं अनेकवचन केलं तिने.

—का थांबलात? आज होणार नाही म्हणजे? पुट्टीच वाळायची नाही संध्याकाळपर्यंत... ते कळतं मला. पण घासून तर होईल ना सगळं? झालं तर मग. तिला काय सांगायचं ते मी सांगीन. आणि काय म्हणालात — 'साहेबांना इचारलं का?' अहो, सरप्राइज आहे ते! तुमच्याकडे देत नाहीत का बायका नवऱ्याला सरप्राइज? मी त्याच्या चांगल्यासाठीच करतेय. तुम्हीच सांगा, असली गिचमिड ठेवायची चारचौघांत? लोक येणार, बोट फिरवणार, अरेरे म्हणणार. मला नको कोणाची दया. आधीच बँकेत प्रत्येक जण मान अशी तिरकी करून विचारतो, काय म्हणतायत मिस्टर? रागावणार? सुशांत? रागवायला शब्द लागतात भरतभाऊ. चला, अर्धी राहिलीय अजून. तो डाग बघा किती खोल गेलाय, जोर लावा जरा. गेला. गेला बघा.

वरचं? वरचं हँडल आधी काढा, नाहीतर मशीन कशी फिरेल. स्क्रू आतून आहेत. काठी आहे ती. होय, चालायची काठी, सुशांतची. पनवेलला टपाल नाक्यापासून गल्ल्या तुडवत तुडवत मी शोधली होती, सागवानी, मूठ हातात धरून धरून बघितली, त्याच्या पंजाचा अंदाज मनात घेऊन. लिफ्टपर्यंत, खाली बाकापर्यंत, परत वर — काठी आणि मी, काठी आणि मी. गणपतीत एवढी माणसं येऊन गेली, सगळे म्हणाले, रुचिरा, कसं गं करतेस तू हे सगळं. आता खरं सांगायचं तर तेव्हा काही लागत नव्हती त्याला काठी. घरात नुसताच चालायचा, भिंतीला हातसुद्धा लावायचा नाही. पण पाहुण्यांसमोर पडला-बिडला म्हणजे? म्हणून बेल वाजली की आधी मी काठी हातात द्यायचे. तो बाजूला टेकवून ठेवायचा, मी परत द्यायचे. तो ठेवायचा, मी द्यायचे. हसत हसत हो, कोणाला कळायचंसुद्धा नाही. आणि एक दिवस बँकेतून आले तर बाल्कनीभर भुसा, काठीचे तुकडे, आणि मूठ त्या पेटीच्या डोक्यावर बसवून हा मागे रेलून बघतोय. माझ्याकडे वळला आणि म्हणाला — स्वच्छ म्हणाला, एक अक्षर न अडखळता — 'संपलं तिचं काम.' काठीबद्दल म्हणाला तो. काठीबद्दलच. पण मी हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिले. मला ते काठीबद्दल वाटलं नाही.

तुम्हाला वाटत असेल काय बाई आहे. वाटत असेल ना? नाही म्हणू नका, तुमच्या तोंडावर दिसतंय. पण तुम्ही त्याला आधी बघितलेलं नाही. आधीचा सुशांत. पोळी ताटात पडली की ती उचलून उजेडात धरायचा, नुसता बघायचा आणि हसायचा. पाहुणे असले तर पाहुण्यांनाही दाखवायचा. मी इंग्रजीत चार वाक्यं बोलले की त्यातला एक शब्द परत म्हणायचा, नीट करून, सावकाश, बालवाडीत म्हणतात तसा. दिवाळीत मी रांगोळी काढायची, हा चहाचा कप घेऊन यायचा आणि पायाच्या अंगठ्याने एक टिंब सरकवायचा. एकच. आणि दूर होऊन बघितलं की ते टिंब खरंच तिथेच हवं असायचं, तोच तर ताप. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. ओरडणाऱ्या नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगता येतं, हसणाऱ्याचं कोणाला सांगायचं? ऐकणारे पण हसतात! आमची आईसुद्धा हसली होती. मग झटका आला — आणि घर असं शांत झालं, असं शांत झालं... भात खाली लागला तरी खायचा. शर्टाची गुंडी माझ्याकडून वरखाली लागली तरी तसाच बसायचा दिवसभर. दाढी मीच करायचे त्याची. डोळे मिटून, हनुवटी वर करून माझ्यापुढे बसायचा, आणि वस्तरा माझ्या हातात. एवढी वर्षं झाली लग्नाला, त्यातले तेच दिवस काय ते — जाऊ दे. तो पेपर बदला ना, झिजलाय. नवीन लावा. खरखरीत लावा.

ही मागची बाजू? ती कोरी आहे. ती कोरी का आहे, सांगू? तिच्यावर मी काढलं होतं. एका रविवारी हा जेवून झोपला होता आणि मला वाटलं, आपणही काहीतरी करावं या पेटीला, सगळं ती आभाच का म्हणून. मोरपंखी निळा आणला होता, लहानसा डबा. कडेने वेल काढली, मध्ये दोन पाखरं, चोचीत चोच. वाईट नाही हो माझा हात, कॉलेजात बक्षिसं मिळालीत मला. बसले होते इथेच, जिथे तुम्ही बसलात तिथे, ऊन पाठीवर, आणि मनात काहीही नव्हतं, देवाशप्पथ, फक्त एवढंच की उठल्यावर बघेल. उठला. आला. बघितलं. आणि हसला. अर्ध्या तोंडाने, एक बाजू वर आणि एक तशीच लोंबती — पण तेच हसू, भरतभाऊ, तेच, पोळीचं. झटक्यानंतरचं पहिलं. तेवढ्यात ती दारात, आभा, आणि टाळ्या वाजवतेय, सर हसले! ताई, सर हसले! मीही हसले मग. काय करणार. आणि हा खाली बसला, टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि माझी पाखरं पुसायला लागला. उजव्या हाताने. पुसली आणि वर पॉलिश पेपर फिरवला, निळ्याचा मागमूस राहीना. आणि ती काय म्हणते? मनगट बघा ताई, मनगट काय सुंदर फिरतंय आज!

—ते तसं बघू नका माझ्याकडे. वरची झाली ना? मग पुढची घ्या. तिच्यावर भोकं आहेत, हवेसाठी, ती राहू देत, रेघा गेल्या म्हणजे झालं. बघा, इथून इथून हात सुधारायला लागला होता, दिसतंय? इथे अडखळलाय, इथे कमी, आणि ही शेवटची ओळ जवळजवळ सरळ. ही ओळ ज्या दिवशी जमली त्या दिवशी त्याने माझ्या बहिणीला फोन केला. स्वतः! माझ्याशी बोलायला शब्द सापडत नाहीत आणि तिला सांगतोय, 'जमलं, जमलं.' आणि आता पुढचं खूळ काय, तर कामावर परत जायचं. घरूनच, कॉम्प्युटरवर. म्हणून तर ही पेटी पुरी करायची एवढी घाई. यंत्र आत बसवलं, चालू करून बघितलं, दिवा लागला आणि हा पोरासारखा... कंपनी बोलवणार म्हणून फोन जेवतानासुद्धा ताटाशेजारी ठेवतो. कधी एकदा वाजतो म्हणून. आता त्याला कसं सांगू की त्यांचा फोन येऊन गेला. माझ्याकडे आला होता, झटका आल्यापासून माझाच नंबर आहे त्यांच्याकडे. फार सभ्य माणसं, हळूहळू सुरू करू म्हणाले, थोडं थोडं काम देऊ, जमतंय का बघू. मी म्हटलं, नाही हो, अजून अक्षरं उलटी दिसतात त्यांना, वाचताच येत नाही. डॉक्टरांनी नाही म्हटलंय. कुठल्या डॉक्टरांनी काय विचारता, घरात जी चोवीस तास उस्तवार करते ती डॉक्टर. ते म्हणाले, फार वाईट वाटलं, मग आम्ही ती जागा भरतो. भरा म्हटलं. वाचतो तो, हो. अख्खा पेपर वाचतो सकाळी. पण उद्या काम जमलं नाही, चारचौघांत फजिती झाली, तर ती कोणी झेलायची? आणि जमलं तर — जमलं तर मग काय, पुन्हा कानात ते यंत्र आणि ताटातली पोळी उजेडात.

चला, राहिली एकच. उजवी. घ्या. घ्या ना. 'ही नको' म्हणजे? सगळ्यांत नीट आहे म्हणूनच तर — एक बाजू ठेवून तीन घासायच्या याला काय अर्थ आहे? एका कानात बुगडी घालून कोणी मिरवतं का? साहेब येईपर्यंत थांबूया? 'नाय' काय 'नाय'? तुम्हाला काम मी दिलंय की साहेबांनी? तुमच्या घरात काय तुमची बायको — राहू दे. आणा इकडे. आणा तो पेपर, मशीन नको, हातानेच करते मी. तुम्ही बसा तिकडे कठड्याला टेकून. मलाही येतं. बघा कसं येतं. ह्या रेघा काय चिवट आहेत, आत गेल्यात, वरवरच्या नाहीत. मायेने काढल्यात अगदी. माझ्यासाठी एवढ्या मायेने यानं कधी साधी — तुम्ही तोंड फिरवलंत तरी मी थांबणार नाहीये. हे टिंब गेलं. हे वळण गेलं. बोटं सोलवटली तरी चालतील. नाही, नाही जाणार असं पूर्ण, तुम्ही लावा मशीन. लावा भरतभाऊ, मी विनवते तुम्हाला. हे अर्धवट आता जास्तच वाईट दिसतंय, सांगा, दिसतंय की नाही? उपकार करा, एवढं पुरं करा. हां. असं. असं सरळ. तिकडचा कोपरा. झालं. पुसा फडक्याने. आता कशी दिसते? सगळ्या बाजू सारख्या. कुठून बघायला सुरुवात केली काय आणि कुठे संपवलं काय.

—बेल वाजली का? बंद करा, बंद करा. किल्लीने उघडलं वाटतं. कोण, शैलेश? काय रे, एवढ्यात? मावसबहिणीच्या घराला कुलूप होतं? मग हॉटेलात जेवायचं होतं, फोन करायचा होतास मला! नाही, तसं काही नाही, काम चाललंय जरा. त्याला आत झोपव, दमला असेल — सुशांत. अरे, ये ना. ये, बाल्कनीत ये, चपला राहू दे पायात. दर्शन झालं नीट? हे भरतभाऊ. पॉलिशचं काम करतात. मी म्हटलं तुला सरप्राइज द्यावं. बघ तरी. अशी काय रे नजर करतोस, बघ, हात लाव, आता काही टोचत नाही. ही डावी. हो, हीच डावी. ही वरची. उजवी कुठे शोधतोस, तुझ्यासमोर तर आहे. उलट करून बघितलीस तरी तीच आहे. खाली काय शोधतोस, तो भुसा आहे नुसता, डोळ्यात जाईल.

काय? काय म्हणतोस? म... म काय? माझं? माझा? परत म्हण. सावकाश. शैलेश, तू मध्ये बोलू नकोस! आभा मॅडमनी सांगितलंय, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, त्याचं त्याला शोधू द्यायचं. म्हण सुशांत. मी थांबलेय. मला कुठे जायचंय? म... मा... हो, पुढे. नाही सापडत? सकाळी तर चांगला बोलत होतास. बघ, सुटला ना थरकाप? बघितलंस शैलेश, किती हलतोय हात, आणि तुम्ही सगळे म्हणता बरा झाला, बरा झाला. असा झालाय बरा. ये, टेक माझ्यावर. मुकाट्याने टेक. स्टूल सरकव रे शैलेश इकडे. बस. मी धरलंय, पडत नाहीस. रडतोस काय वेड्यासारखा, माणसं आहेत समोर. मी आहे ना. मी कुठे गेलेय? सगळं करीन मी. पाणी आण शैलेश, ग्लास नको, त्याला धरवणार नाही, वाटी आण आणि चमचा. मोठा नको, छोटा. हां. उघड तोंड. अजून थोडं. शहाणा माझा.

—तुम्ही का उभे अजून? आवरा भरतभाऊ, काम झालं. पुट्टी? कसली पुट्टी? आणि काळाबिळा काही नको, कुठलाच रंग नको, असंच राहू दे ते. निघा तुम्ही.